व्याह्यांच्या गाडीचा ड्रम

अण्णा,

आज सकाळी मुलाच्या गाडीच्या सर्व्हिसिंगवाल्यांचा फोन आला होता. पुढच्या चाकांच्या डिस्कला चर पडलेत, घासून देऊ की नव्या टाकू, असं विचारत होते. मुलगा चहा पीत होता. त्याने कप खाली न ठेवताच सांगितलं, "नव्या टाका," आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. मी समोर मेथी निवडत बसले होते, माझे हात थांबले. तुम्ही असतात तर आधी नातवाला विचारलं असतंत की डिस्क हातात घेतलीस का, मोजलीस का, मागच्या वेळी कुणी घासली होती ते तरी विचारलंस का. मग त्याच्यावर, सर्व्हिसिंगवाल्यावर आणि डिस्क बनवणाऱ्यावर एका दमात उखडला असतात. मुलाने विचारलं, "आई, काय झालं?" मी काही नाही म्हटलं. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून जेवणं आटोपून घरात निजानीज झाल्यावर हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं साधं बोलणं आठवायला आता मला प्रयत्न करावा लागतो. तुमचं ओरडणं मात्र लगेच आठवतं.

शुक्रवार पेठेतल्या आपल्या घराची पुढची खोली लेथची होती, मधली माणसांची आणि मागे स्वयंपाकघर. मिलच्या वर्कशॉपातली नोकरी सोडून तुम्ही तो जुना लेथ दारात उतरवलात तेव्हा आईने बरेच दिवस तुमच्याशी अबोला धरला होता. पुढे ती आल्यागेल्याला सांगायची, "लोकांच्यात शिरलं की देव दिसतो, आमच्यात लेथ दिसतो. नमस्कार तितंच करा." मोटारींचे ब्रेकचे ड्रम फिरवायचे तर तुमच्याकडेच, असं गॅरेजवाले म्हणायचे आणि त्यालाच जोडून म्हणायचे की म्हातारा तिरसट आहे. तुम्ही तेव्हा म्हातारे नव्हतात, पन्नाशीही उलटली नव्हती. तिरसट मात्र होतात. चाकाच्या आत बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ड्रम फिरतो, ब्रेक दाबला की आतून लायनर त्याला घासतात आणि गाडी थांबते. लायनर झिजले की त्यांचे रिवेट ड्रमला चर पाडतात. मग लेथवर ड्रम फिरवत आतून पातळ थर कापायचा, म्हणजे कट घ्यायचा, आणि तो गुळगुळीत करायचा. प्रत्येक कटाला ड्रम पातळ होत जातो आणि कधीतरी अशी वेळ येते की आता कट नाही, आता नवाच. ती वेळ आली की नाही, ह्यावरून तुमची गिऱ्हाइकांशी भांडणं व्हायची, कारण नवा ड्रम त्या दिवसांत सोलापुरात सहजासहजी मिळायचा नाही. पुण्याहून मागवायचा आणि वाट बघत बसायचं, तोवर गाडी दारात उभी. म्हणून जो तो म्हणायचा, एवढ्या बारीला फिरवून द्या की.

एकदा तुम्ही नको म्हटलेला ड्रम दुसऱ्या कुणाकडून तरी फिरवून एका जीपला बसवला गेला आणि ती जीप उसाच्या बैलगाडीखाली शिरली. जीपवाला वाचला. कुबड्या घेऊन तो तुम्हाला भेटायला आला होता, तुमचं ऐकायला हवं होतं हे सांगायला. तुम्ही त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीत. पण त्या दिवसापासून तुमचा नियम झाला. तुमच्या मते जो ड्रम संपला, तो तुम्ही मालकाच्या देखत घण घालून फोडायचात आणि तुकडे त्याच्या हातात द्यायचात. म्हणजे तो दुसऱ्या दारात जायला नको. लोक चिडायचे, शिव्या द्यायचे, एकाने तर तुमची गचांडी धरली होती. तुम्ही म्हणायचात, "माज्या दारातनं वस्तू बाहेर जाईल ती मी सांगंन तशी जाईल." मला ते ऐकून तेव्हा अभिमान वाटायचा. वस्तू त्यांची आहे, हे माझ्या डोक्यातच यायचं नाही.

आणि तुमचे कान. ड्रमला चीर गेली आहे का ते बघायला तुम्ही तो आढ्याच्या आकड्याला तारेने टांगायचात आणि छोट्या हातोडीने हलकेच वाजवायचात. चांगलं बीड लांबपर्यंत वाजत राहतं, चिरलेलं बद्द वाजतं. पण मिलमधल्या मागांच्या खडखडाटाशेजारी इतकी वर्षं काढल्यावर तुमच्या कानांत बारीक आवाज शिरेनासा झाला होता. समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं, नाद विरत गेलेला कळायचा नाही. एकदा मी मागे भाकरी थापत होते, पुढे तुम्ही ड्रम वाजवलात आणि मी बसल्या जागेवरून म्हणाले, "अण्णा, फुटकाय तो." माठ घेताना आई बोटाच्या पेराने वाजवून बघायची, तीच माझी शाळा. तुम्ही आत येऊन मला झापलंत, "तू तव्याकडं बघ." मग कट घेताना आतल्या अंगाला केसाएवढी काळी रेघ उघडी पडली. पुढचा ड्रम टांगलात तेव्हा मान न वळवता हाक मारलीत, "ए पोरी, जरा हिकडं ये." तेव्हापासून तुमचे ड्रम मी ऐकायची. गिऱ्हाईक गेल्यावर, दार लोटून. तुम्हाला ऐकू येत नाही हे बाहेर कळलं तर तुमच्याकडे कोण येणार होतं? आणि घरातही, तुमच्या कानांबद्दल आपण दोघं एक अक्षर कधी बोललो नाही.

मला चोविसावं लागलं होतं. आधीची स्थळं आली आणि गेली, एक लेथ बघून, एक तुम्हाला बघून. मग माळशिरस तालुक्यातलं हे स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यावर फिटर, वडील वारलेले, आई होती आणि सगळा कारभार काकांच्या हाती. काका बागायतदार, दारात अँबेसिडर बाळगून असलेले. बघायला आले तेव्हा काकांनी शिक्षण, स्वयंपाक, शिवण सगळं विचारून झाल्यावर मुलाने एकच प्रश्न विचारला, "लेथ चालू असला की झोप लागती का हो तुमाला?" मी म्हटलं, "बंद पडला की जाग येती." तो हसला आणि लगेच खाली बघायला लागला. ते गेल्यावर आईने विचारलं, तेव्हा मी नेहमीसारखं "तुम्ही ठरवाल ते" म्हटलं नाही. हो म्हटलं. मला तो मुलगा पाहिजे होता, अण्णा. इतक्या सरळ शब्दांत हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नसतं, आईलासुद्धा.

सुपारी फोडायला ते आले तो दिवस मला अजून तुकड्या-तुकड्याने दिसतो. दुष्काळ सरून पाऊसपाणी बरं झालं होतं, आईने पुरण घातलं होतं. आधी जेवणं, मग सुपारी, मग दोन्हीकडच्यांनी काकांच्या गाडीतून तुळजापूरला जाऊन देवीपुढे नारळ ठेवायचा आणि उजेडी परत यायचं, असं ठरलेलं. गाडी गल्लीत शिरते तीच करकरत. काका उतरतात ते हसतच. "मोहोळच्या फुडं बैलगाडी आडवी आली बघा. ब्रेक दाबला तर गाडी डाव्या अंगाला वढायली, पेडल पायाखाली थरथरायलं. म्हटलं, आता कशाला भ्यायचं, व्याहीच टर्नर हाय." आई तुमच्याकडे बघते. तिचे डोळे सांगतायत, आज नको. तोंडाने ती म्हणते, "आज लोखंड न्हाय वाजवलं तर चालंल की. तुळजापूरला एस. ट्या हायत." पण व्याह्यांनी काम सांगितलंय आणि तुम्ही नाही म्हणाल? तुम्ही टोपी काढून खुंटीला लावलीत.

मी खिडकीतून बघत होते. चाक मुलानेच उतरवलं, नव्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून. ड्रम गंजून घट्ट बसला होता. त्याने हातोडी नाही घेतली, लाकडाचा ठोकळा धरून ड्रमभोवती हळूहळू ठोकत आला आणि सोडवला. तुम्ही त्याच्या हातांकडे बघत होता. नंतर तुम्ही ड्रम लेथला लावलात, फिरवून पाहिलात, कॅलिपरने मोजलात, परत मोजलात. आणि गप्प झालात. तुमच्या गप्प होण्याचे प्रकार मला पाठ होते. एक रागाचा, एक भुकेचा आणि एक हा, त्यात तुम्ही खालचा ओठ दातात धरायचात. मला तिथेच कळलं की हे सरळ जाणार नाही.

"आदी कुणाकडनं फिरवलाय?" तुम्ही विचारलंत.

"गेल्या सालाला एकदा, त्याच्या आदल्या सालाला एकदा," काका म्हणाले. "का हो?"

"आऊट झालाय, गोल ऱ्हायला न्हाय. पेडल थरथरतंय ते त्यामुळंच. कट घेतला तर सरळ होईल, पण मग भिंत पातळ ऱ्हाती. एक कट बसंल, न बसंल."

"मग बसवा की. दोन म्हैन्यांनी नवा टाकतो मी, माजा शब्द."

अडचण काय होती ते मला आतून समजत होतं. दोनदा फिरवलेला, तापून तापून निळसर झालेला ड्रम. अशा ड्रमला आत चीर आहे की नाही हे खात्रीने बघायचं तर कट घेऊन आतलं अंग उघडं करायला हवं. आणि कट घेतला तर जे बीड उरलंय तेही जाणार, मग चीर नसली तरी ड्रम संपला. बघायचं तर कापावं लागणार आणि कापलं की बघून उपयोग नाही. जायचं होतं तुळजापूरला. चढताना काही नाही, उतरताना त्या घाटात सगळा भार ब्रेकवर. आणि गाडीत तुम्ही, आई, मुलाची आई, काका, तो आणि मी.

तुम्ही ड्रम काढलात, तारेला लावलात, आकड्याला टांगलात. मी मनात म्हणतेय, आता स्वतःच वाजवा आणि स्वतःच काय ते ठरवा. मुलाची आई माझ्याशेजारी पाटावर बसलीय. आईने माझं मनगट धरून ठेवलंय. आणि तुम्ही हाक मारता, "ए पोरी, जरा हिकडं ये."

काका चकित झाले. "पोरीला कशाला?"

"सवय हाय तिला," तुम्ही म्हणालात.

नवं लुगडं सावरत मी पुढच्या खोलीत आले. सगळे बघतायत. तो दारात उभा आहे, हात काळे. तुम्ही माझ्याकडे बघत नाही, ड्रमकडे बघता. हातोडी पडते. मागच्या गल्लीत माग चालू आहेत, धडधड येतेय, त्यातून मी नाद धरून ठेवायला बघते. तो वाजतो. बद्द नाही, चांगला वाजतो. माझा जीव भांड्यात पडतो आणि तेवढ्यात तो थांबतो. जरा आधीच थांबतो. मी म्हणते, "परत." तुम्ही परत वाजवता. "अजून एकदा." माझ्या जिभेवर "वाजायलंय" आलेलं आहे, तेवढा एक शब्द बोलले की जेवणं होतील, सुपारी फुटेल, मी त्या माणसाशेजारी गाडीत बसेन. आणि त्याच गाडीत घाटात आम्ही सगळे असू. मी म्हणाले, "वाजायलंय. पण लवकर थांबायलंय."

"म्हंजे वाजतोय की!" काका म्हणाले.

तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत. मला विचारलंत, "किती लवकर?" मला सांगता येईना. किती लवकर हे कसं सांगायचं? मुलगा दारातून म्हणाला, "काका, ऱ्हाऊ द्या. एस. टी.नं जाऊ आपण." काका त्याच्यावर डाफरले, "माजी गाडी दारात असताना एस. टी.नं जाऊ व्हय देवीला?" मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "आवं, एवढ्याशा आवाजावरनं कुटं काय ठरतंय? आजच्यापुरता फिरवा. उद्यापास्नं न्हाय चालवत."

तुम्ही ड्रम खाली उतरवलात. मला वाटलं, बाजूला ठेवताय. नाही म्हणून सांगाल, ते रागावतील, आई मध्ये पडेल, निभावेल. तुम्ही तो ऐरणीवर ठेवलात आणि भिंतीशी टेकवलेला घण उचललात. आई आतून "अहो" म्हणाली, इतकंच ऐकू आलं. एका घावात तीन तुकडे झाले. बीड फुटताना कोरडा आवाज होतो.

काका तुकड्यांपाशी वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "आमी सुपारी फोडाय आलतो. तुमी हे फोडलं." आणि मग त्यांचा आवाज चढला. "लक्ष्मी हाय ती आमची. आजच्या दिशी लक्ष्मीवर घण घातलाव तुमी. नको म्हणायचं हुतं, तोंड हुतं की." तुम्ही म्हणालात, "माजा नियम हाय." काका म्हणाले, "मग नियमालाच पोरगी द्या तुमची." मुलाची आई पाटावरून उठली. मला वाटलं ती काही तरी टोचून बोलेल, पण तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चपला शोधायला लागली. ते पायी स्टँडकडे गेले. तो शेवटचा गेला, हात तसेच काळे. मी त्याला हात धुवायला पाणीही दिलं नाही. त्यांची गाडी तीन चाकांवर आणि एका दगडावर आपल्या दारात राहिली.

आई तुम्हाला कधी उलटून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. पुरणाचं पातेलं झाकत म्हणाली, "गाडी थांबवायची होती, थांबवलीत. पोरीचं लग्न कशाला थांबवलंत?" तुम्ही खुंटीवरची टोपी घालून ओट्यावर जाऊन बसलात. मला मात्र तुम्ही काही बोलावं असं वाटत होतं. मला राग आला होता, तुमचा आणि माझ्या कानांचा. वाटत होतं, वाजतोय एवढंच म्हणून गप्प बसले असते तर? आणि लगेच घाट डोळ्यांपुढे यायचा. असं दोन्हीकडून.

ती गाडी दारात उभी होती तोवरचे दिवस मी विसरणार नाही. येणारा जाणारा विचारायचा, कुणाची गाडी? आई म्हणायची, गिऱ्हाइकाची. पेठेत काय कुजबुज चालते ते तुमच्या कानांवर यायचं नाही, माझ्या यायचं. टर्नरच्या पोरीचं मोडलं, देणंघेणं काही नाही, बापाने व्याह्यांची गाडीच फोडली. फोडलेला ड्रम हळूहळू आख्खी गाडी झाला होता. तुकडे तुम्ही काकांच्या हातात दिले नव्हतेत, ते घ्यायला थांबलेच नव्हते. पोत्यात गुंडाळून लेथखाली ठेवले होतेत. लेथला तुम्ही हात लावत नव्हतात. दिवसभर ओट्यावर बसायचात, तोंड गाडीकडे करून.

मग एका दुपारी तो आला. एकटाच, पुण्याहून एस. टी.ने, नवा ड्रम पोत्यात बांधून मांडीवर धरून आणलेला. विजारीला गंजाचे डाग पडले होते. आईने पाणी दिलं आणि मला डोळ्यांनी आत पाठवलं. मी चुलीपुढे बसले. तुम्ही दोघांनी मिळून ड्रम बसवला, एकमेकांशी न बोलता, फक्त पान्याचा आवाज. मग तो म्हणाला, "ते तुकडे हायत काय? बघू की." लेथखालचं पोतं ओढल्याचं ऐकू आलं.

मला ठाऊक होतं तो काय बघतोय. जुनी चीर असली तर तुकड्याच्या कडेला तेवढा भाग काळा असतो, त्यात धूळ आणि गंज शिरलेला असतो. नव्याने फुटलेलं बीड पांढुरकं चमकतं, फोडलेल्या खडीसाखरेसारखं. कारखान्यावरच्या फिटरला हे सांगायला लागत नाही. तो एकेक कड उजेडाला धरून बघत असणार. मी फुंकणी हातात घेऊन तशीच बसून राहिले. काळी रेघ निघाली तर काकांना तोंड मिटावं लागेल. नाही निघाली तर हा माणूस गाडी घेऊन जाईल आणि परत येणार नाही.

आणि मग तुम्ही कुजबुजलात. अण्णा, तुम्हाला कधी कुणी सांगितलं नाही, पण तुमचं कुजबुजणं चार घरं ओलांडून जायचं. स्वतःचा आवाज किती मोठा येतोय हेच तुम्हाला कळायचं नाही. तुमच्या मते तुम्ही त्याच्या कानात बोलत होता. मला प्रत्येक शब्द ऐकू आला. "चीर न्हवती. मी त्याच दिशी बघितलं. सगळं पांढरं हाय. माजं चुकलं." मग म्हणालात, "काकांना काय सांगायचं ते सांगा. पर पोरीला कळू देऊ नका. तिच्या कानावरनं मी घण घातला. इस्वास उडंल तिचा सोताच्या कानावरचा."

तुम्ही चुकलं म्हणालेलं मी आयुष्यात तेवढंच एकदा ऐकलं. तेही चोरून.

तो हळू बोलला, पण माझे कान तुमचे नव्हते. म्हणाला, "चीर नसली तरी कट घ्यायजोगा न्हवता तो. मी बी घाटात गेलो नसतो. नवाच टाकायला पायजे हुता, फोडायला नको हुता." तुम्ही म्हणालात, "व्हय." मग तो म्हणाला, "तुकडे मी नेतो. घरी पोचस्तवर वाटंत कुटं तरी टाकीन. काकांना सांगतो चीर हुती, काळी, बोटभर." माझ्या हातातली फुंकणी खाली पडली. तो आवाज त्या दोघांनी ऐकला असेल तरी आईने सावरून घेतलं असणार. जाताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन आईला म्हणाला, "काकू, पुरण परत घालाल काय?" आई रडायलाच लागली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. काकांनी सुपारी फोडली, लग्नात तुमच्या गळ्यात हार घालून सगळ्यांना सांगितलं की ह्या माणसाने आमचं अख्खं घर घाटात जाता जाता वाचवलं, बोटभर चीर होती. तुम्ही खाली मान घालून उभे होता आणि लोकांना वाटलं, किती विनय आहे. त्यानंतर तुम्ही घण कधी उचलला नाहीत. संपलेल्या ड्रमवर खडूने फुली मारायचात, परत द्यायचात, आणि गिऱ्हाईक गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचात. आई म्हणायची, हे मऊ झाले. मला माहीत होतं की तुम्हाला धास्ती वाटतेय, तो ड्रम आता कुठे जाईल त्याची, आणि फोडलात असता तर कुणाचं काय मोडलं असतं त्याचीही.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा लेथखाली ड्रम मांडून ठेवलेले होते. मी दारात पाऊल टाकते न टाकते तोच तुम्ही म्हणालात, "पोरी, हे जरा ऐक. तुज्यासाठी ठेवल्यात." दर खेपेला असंच. दिवाळी, पंचमी, बाळंतपणाला आले तेव्हाही, पोटाशी उशी धरून मी ऐकायची. माझा कान एकदा चुकला होता आणि ते तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही गिऱ्हाइकाला थांबवून माझ्यासाठी ड्रम राखून ठेवायचात. आणि मला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे. मी सांगितलेलं तुम्ही मान हलवून ऐकायचात, मग उठून कॅलिपर लावायचात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट माझ्यावर तुमचा इतका जीव आहे हे मला त्या लेथपुढे उभं राहून जितकं कळलं तितकं दुसरीकडे कुठे कळलं नाही. तो आवाज त्या दिवशी लवकर का थांबला, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही. मागांच्या धडधडीत हरवला असेल. ड्रम पातळ होता म्हणून असेल. पण थांबला होता, एवढं मी अजून म्हणते.

हे आत निजलेत. इतक्या वर्षांत ह्यांनी मला एका शब्दाने सांगितलेलं नाही. काका गेले, आई गेली, सासूबाई गेल्या, तुम्ही गेलात, आता ते सांगितलं तर कुणाचं काही बिघडायचं नाही, तरी नाही. पोरंसोरं विचारतात, आजोबांनी खरंच ड्रम फोडला होता का, तेव्हा हे अगदी गंभीर तोंड करून बोटभर चीर दाखवतात, असं बोट धरून. हा कागद मी आता फाडून टाकणार आहे, कारण तो ह्यांच्या हाती लागला तर तुम्हाला दिलेला शब्द इतकी वर्षं पाळला तो फुकट गेला असं त्यांना वाटेल. मला त्यांना तसं वाटू द्यायचं नाही.

एक मात्र तुम्हाला सांगते. आमचं एकदा कडकडून भांडण झालं होतं, कशावरून ते आता आठवत नाही. मी कमरेवर हात ठेवून म्हणाले होते, माझा कान आजवर कधी चुकलेला नाही. ह्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग माठापाशी जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि बाहेर निघून गेले. मी ते मुद्दाम म्हणाले होते, अण्णा.